‘घराण्यातच साखर आहे’ एवढ्यावर थांबू नये

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीतील मधुमेहावरच्या लेखात या आजाराचे दोन प्रकार सांगितले होते. लहानपणी होणारा आणि आयुष्यभर इन्शुलिन घ्यायला लावणारा तो पहिला. वय आणि वजन वाढल्यावर होणारा आणि बराच काळ गोळ्यांवर भागणारा तो दुसरा. लेखात चुकीचे काही नव्हते, पण माहिती अपुरी होती, आणि याच अपुऱ्या माहितीपायी आमच्या घरातील एका मुलीला सात वर्षे दिवसातून चार वेळा सुई टोचून घ्यावी लागली. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींचाच नाश करते. दुसऱ्या प्रकारात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा, आहार, वजन, वय हे सगळे मिळून साखर वाढते. या दोन्हींत न बसणारा आणखी एक गट आहे, ज्यात एकाच जनुकातील एक बिघाड आजाराला पुरेसा ठरतो. त्याला एकजनुकीय मधुमेह म्हणतात. त्यातील तरुण वयात दिसणाऱ्या प्रकारांना डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मोडी’ म्हणतात (आपल्या मोडी लिपीशी या नावाचा काही संबंध नाही). रॉबर्ट टॅटर्सल आणि स्टीफन फायन्स या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात हे नाव रूढ केले. त्यांच्या पाहण्यात अशी कुटुंबे आली होती की ज्यांतील माणसांना ऐन तरुणपणी मधुमेह होई, तरीही इन्शुलिनवाचून त्यांची वर्षानुवर्षे निभावणी होई, आणि आजार आईवडिलांकडून मुलांकडे सरळ उतरत जाई. पुढे १९९२ मध्ये ग्लुकोकायनेज या जनुकाचा आणि १९९६ मध्ये एचएनएफ-१-अल्फा व एचएनएफ-४-अल्फा या जनुकांचा अशा कुटुंबांशी असलेला संबंध सिद्ध झाला.

आमचे घर अशाच कुटुंबांपैकी एक निघाले. माझ्या वडिलांना २६व्या वर्षी मधुमेह झाला. ते काटकुळे होते, रोज सायकलने कचेरीत जात आणि गोड त्यांना आवडतही नसे. त्यांच्या आईलाही ‘साखर’ होती, असे घरात सांगत. माझ्या धाकट्या बहिणीला २३व्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात ती निघाली आणि नंतर गेलीच नाही. साखर आमच्या पाचवीलाच पुजलेली आहे, असे आई म्हणत असे, आणि आम्ही सगळे ते मान हलवून ऐकत असू. बहिणीची मुलगी चौदा वर्षांची असताना शाळेतील आरोग्य तपासणीत तिच्या लघवीत साखर सापडली. उपाशीपोटीची रक्तातील साखर ११८ होती, म्हणजे फारशी वाढलेली नव्हती, पण ग्लुकोज पाजून दोन तासांनी ती २६० वर गेली. मुलीचे वय आणि अंगकाठी पाहून ‘ज्युव्हेनाइल डायबिटीस’, म्हणजे पहिल्या प्रकारचा मधुमेह, असे निदान झाले आणि त्याच आठवड्यात इन्शुलिन सुरू झाले. घरात आणखी कोणाला आहे का, हा प्रश्न विचारला गेला होता. आम्ही ‘सगळ्यांनाच आहे’ असे उत्तर दिले, ते केसपेपरवर लिहिलेही गेले, आणि तेवढ्यावर तो विषय संपला.

पुढची सात वर्षे कशी गेली, हे ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना सांगायला नको. डब्यात इन्शुलिनचे पेन, सहलीला जायची परवानगी नाही, रात्री दोन वाजता उठून बोट टोचणे, साखर खाली गेली की घाम फुटलेल्या मुलीच्या तोंडात ग्लुकोजची पूड घालणे, हे सगळे आमच्याकडे झाले. एकदा प्रवासात औषधाची पिशवी राहिली आणि दीड दिवस इन्शुलिन मिळाले नाही, तरी ती आजारी पडली नाही. पहिल्या प्रकारच्या रुग्णाचे असे झाले असते तर रक्तात आम्ल साचून त्याला बहुधा रुग्णालयात न्यावे लागले असते. त्या वेळी आम्ही देवाचे आभार मानले. त्यात काही खूण दडलेली असेल, हे कोणाच्या मनात आले नाही.

ती खूण ओळखली ती मुलगी एकविसाव्या वर्षी शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर तेथील एका संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टरांनी. इतक्या वर्षांनंतरही इन्शुलिनची मात्रा इतकी कमी कशी, असे त्यांनी विचारले आणि दोन साध्या चाचण्या करून घेतल्या. पहिली सी-पेप्टाइडची. शरीर स्वतः इन्शुलिन बनवते तेव्हा त्याच्याबरोबर तितकेच सी-पेप्टाइड रक्तात सोडले जाते, बाटलीतील इन्शुलिनमध्ये मात्र ते नसते; त्यामुळे रोज इन्शुलिन टोचून घेणाऱ्या माणसाचेही स्वादुपिंड स्वतः काम करते आहे की नाही, हे या एका चाचणीवरून कळते. पहिल्या प्रकारात निदानानंतर काही वर्षांनी ते बहुधा नाहीसे होत जाते. भाचीच्या रक्तात ते भरपूर होते. दुसरी चाचणी बीटा पेशींविरुद्धच्या अँटीबॉडींची. त्या एकही सापडल्या नाहीत. मग रक्ताचा नमुना जनुकतपासणीला गेला आणि एचएनएफ-१-अल्फा या जनुकात उत्परिवर्तन, म्हणजे जनुकाच्या रचनेतील बदल, निघाले. या प्रकारात मूत्रपिंडे साखर लवकर बाहेर टाकू लागतात, त्यामुळे रक्तातील साखर फार वाढण्याआधीच ती लघवीत दिसते. शाळेत सापडलेली ती साखर म्हणजे या आजाराची खास ओळख होती, हे आम्हाला सात वर्षांनी कळले.

या प्रकारचे रुग्ण सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांना फार चांगला प्रतिसाद देतात. ग्लिक्लाझाइडसारख्या या गोळ्या अनेक दशकांपासून बाजारात आहेत आणि स्वस्त आहेत. भाचीचे इन्शुलिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी होत बंद झाले आणि आज ती सकाळी एक लहानशी गोळी घेते. ही गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर झपाट्याने खाली जाते, एवढे भान ठेवावे लागते, म्हणून तिच्या आजीने तिची संकष्टी स्वतःकडे घेतली आहे. बहिणीच्या रक्तातही तेच उत्परिवर्तन निघाले. वडील हयात नव्हते. त्यांची दृष्टी पन्नाशीतच गेली होती आणि शेवटची दोन वर्षे मूत्रपिंडांनी साथ सोडली होती. हा मधुमेह ‘सौम्य’ असतो, असा समज करून घेऊ नये. साखर ताब्यात राहिली नाही तर डोळे आणि मूत्रपिंडे यांची हानी यातही तशीच होते.

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवले. दरवर्षी आनुवंशिकतेच्या धड्याला मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढले, उंच आणि बुटक्या झाडांचे तक्ते मुलांकडून करून घेतले. आईवडिलांपैकी एकाकडे प्रभावी गुण देणारे जनुक एकेरी असेल तर प्रत्येक अपत्याकडे ते येण्याची शक्यता निम्मी असते, हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल! माझी पणजी, आजी, वडील, बहीण, भाची अशा पाच पिढ्यांचा तक्ता मात्र मी कधी मांडून पाहिला नाही. मांडला असता तर त्यात एकही पिढी रिकामी गेलेली दिसली नसती. माझी स्वतःची तपासणी झाली; माझ्याकडे ते उत्परिवर्तन आलेले नाही, त्यामुळे माझ्या मुलांकडेही ते माझ्यामार्फत जाणार नाही. बहिणीला आणि मला एकाच आईवडिलांनी जन्म दिला, आणि निम्म्या शक्यतेच्या त्या वाटणीत तिच्या वाट्याला काय आले हे पाहिले की मन खिन्न होते.

आमची गोष्ट आहे ती चौदा वर्षांच्या मुलीची. तान्ह्या बाळांच्या बाबतीत हीच चूक कितीतरी महागात पडते, आणि हे पत्र लिहिण्यामागचे मुख्य कारण तेच आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मधुमेह झाला तर तो पहिल्या प्रकारचा असण्याची शक्यता फारच थोडी असते. तो बहुतेक वेळा एकजनुकीयच असतो. त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. बीटा पेशीच्या आवरणात पोटॅशियमला बाहेर जाऊ देणारी सूक्ष्म दारे असतात. रक्तातील साखर वाढली की पेशीत ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेने ही दारे बंद होतात, पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येते आणि साठवलेले इन्शुलिन बाहेर पडते. केसीएनजे-११ किंवा एबीसीसी-८ या जनुकांत विशिष्ट उत्परिवर्तन असले की ही दारे मिटतच नाहीत. बाळाच्या पेशीत इन्शुलिन तयार असते, साठवलेले असते, पण ते सोडण्याचा इशारा पोचत नाही. सल्फोनिलयुरियाची गोळी नेमके हेच करते: साखरेच्या वाटेने जे दार मिटत नाही, ते ती दुसऱ्या बाजूने मिटवते.

इंग्लंडमधील एक्सेटर येथील अँड्र्यू हॅटर्सली, ॲना ग्लॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यांपैकी पहिल्या जनुकाचा छडा लावला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांना गोळ्यांवर नेण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांपैकी ४४ जणांचे इन्शुलिन पूर्णपणे थांबले. इतकेच नव्हे, तर त्यांची साखर पूर्वीपेक्षा अधिक चांगली ताब्यात आली. हीच दारे मेंदूतही असतात, त्यामुळे काही बाळांना फिट्स येतात, मान धरणे, बसणे, बोलणे उशिरा होते. गोळी जितकी लवकर सुरू होईल तितका या वाढीलाही काही प्रमाणात फायदा होतो. तीन-चार किलोच्या बाळाला इन्शुलिनचे अर्धे-पाव युनिट मोजून टोचताना त्या आईची काय अवस्था होत असेल! त्या बाळाच्या आजारावर एखादी स्वस्त गोळी चालण्यासारखी असूनही तिला ते कोणीच सांगितले नसेल, तर याहून मोठा अन्याय मला दिसत नाही. सर्वच बाळांना गोळी चालते असे नाही. इन्शुलिनच्या स्वतःच्या जनुकातच बिघाड असेल तर इन्शुलिन हाच उपाय असतो. कोणते बाळ कोणत्या गटातले, हे जनुकतपासणीशिवाय सांगता येत नाही. म्हणूनच सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या प्रत्येक बाळाची जनुकतपासणी ताबडतोब करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जे रुग्ण आज पंचवीस-तीस वर्षांचे आहेत, पण ज्यांचे इन्शुलिन पाळण्यात असतानाच सुरू झाले, त्यांनाही हे तितकेच लागू आहे.

याच्या अगदी उलट बाजूला ग्लुकोकायनेजचा प्रकार आहे. या लोकांच्या शरीराने साखरेची पातळी मुळातच थोडी वर बांधलेली असते. उपाशीपोटीची साखर जन्मापासून १०० ते १४५च्या दरम्यान राहते, जेवणानंतर ती फारशी वाढत नाही, आणि पन्नास वर्षे अशी राहूनही डोळे-मूत्रपिंडांची गंभीर हानी सहसा होत नाही. त्यांना बहुधा औषधाची गरजच नसते आणि औषधाने फरकही पडत नाही. तरीही नोकरीपूर्वीच्या तपासणीत किंवा गरोदरपणात हा आकडा दिसतो आणि गोळ्या, इन्शुलिन सुरू होते. गरोदरपणात तर प्रश्न अधिक नाजूक आहे: बाळाकडे आईचेच उत्परिवर्तन आले असेल तर आईची थोडी चढी साखर त्याला मानवते, आणि ती जबरदस्तीने उतरवल्यास बाळाची वाढ खुंटू शकते, आले नसेल तर ते बाळ सरासरीपेक्षा सुमारे अर्धा किलो अधिक वजनाचे होते.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पाश्चात्त्य पुस्तकांतील खुणा, म्हणजे तरुण वय, सडपातळ बांधा आणि घरात मधुमेह, आपल्याकडे जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचा मधुमेहही युरोपीय लोकांपेक्षा पुष्कळ लवकर आणि कमी वजनातच होतो. दिसायला बारीक पण अंगात चरबी जास्त, अशी भारतीय बाळांची ठेवण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत. अशा देशात ‘वडिलांना आहे, आजोबांना होता’ असे कोणीही सांगेल. त्यामुळे प्रत्येक तरुण मधुमेहीची महागडी जनुकतपासणी करा, असे माझे म्हणणे नाही. आधी अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड पाहावे, वंशावळ नीट मांडावी, आणि मग ज्यांच्याबाबत शंका उरेल त्यांचीच जनुके तपासावीत. पाश्चात्त्य देशांत एकजनुकीय मधुमेहाचे प्रमाण एकूण रुग्णांच्या एक ते पाच टक्के मानतात. आपल्याकडे त्यातला सर्वांत खालचा आकडा धरला तरी ती दहा लाख माणसे होतात. खुद्द ब्रिटनमध्ये २०१० साली झालेल्या अभ्यासात ‘मोडी’च्या ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे योग्य निदान झालेले नसल्याचे दिसून आले होते. तेथे ही स्थिती, तर आपल्या तालुक्याच्या गावी काय असेल?

वंशावळ मांडण्याच्या आड आपणच येतो, हेही लिहिले पाहिजे. लग्नाच्या मुलीची साखर आपण लपवतो. सासरी कळू नये म्हणून माझ्या बहिणीच्या गोळ्या तीन वर्षे शिवणाच्या डब्यात राहिल्या. मुलाकडचे लोक पत्रिका पाहतात, गोत्र पाहतात, पण आजेसासूबाईंना कितव्या वर्षी मधुमेह झाला, हे विचारणे अशिष्ट मानले जाते. त्यामुळे डॉक्टरांपुढे बसलेल्या माणसाला स्वतःच्या सख्ख्या आत्याचा आजारही ठाऊक नसतो. आपल्याकडे काही समाजांत मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा घरांत दोन्हीकडून एकच सदोष जनुक येऊन होणारे काही विरळ प्रकारही संभवतात: त्यांपैकी वोल्फ्राम विकारात मधुमेहाबरोबर दृष्टी मंदावते. आणखी एक प्रकार पेशीतील मायटोकाँड्रियामार्फत फक्त आईकडून येतो आणि त्यात मधुमेहाबरोबर कमी ऐकू येऊ लागते. मधुमेह आणि बहिरेपण आजोळकडून एकत्र येत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. दोन वेगळ्या तक्रारी म्हणून आपण त्या दोन वेगळ्या दवाखान्यांत नेतो आणि सांधा कोणाच्याच लक्षात येत नाही.

आपल्या देशात हे काम होत नाही, असे नाही. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये या मधुमेहाच्या जनुकतपासण्यांवर अनेक वर्षे काम चालू आहे. संशोधन परिषदेने तरुण मधुमेहींची नोंदवही २००६ मध्येच सुरू केली. २०२१च्या दुर्मिळ आजारविषयक राष्ट्रीय धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. उणीव आहे ती गावातील दवाखान्यापासून तेथपर्यंतच्या वाटेची. माझी शासनाला विनंती आहे की, राज्यातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात आणि जिल्हा रुग्णालयात सी-पेप्टाइड व अँटीबॉडी या चाचण्या मोफत उपलब्ध कराव्यात, आणि सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बाळाचा नमुना सरकारी खर्चाने जनुकतपासणीला जाण्याची कायमची सोय करावी. नमुना पाठवता येतो, बाळाला पाठवावे लागत नाही. अशी बाळे थोडी असतात, त्यामुळे हा खर्चही थोडा आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. हे पत्र वाचून कोणीही स्वतःच्या किंवा मुलाच्या इन्शुलिनला हात लावू नये. मुलांमधील मधुमेह बहुतांशी पहिल्या प्रकारचाच असतो आणि त्यात इन्शुलिन थांबवणे दोन-तीन दिवसांत जिवावर बेतते. आधी अहवाल हातात यावा, मग डॉक्टरांनी ठरवावे, आणि तोवर एकही इंजेक्शन चुकू नये. झाडपाल्याची औषधे विकणारे लोक ‘इन्शुलिन सोडवतो’ म्हणून याच आशेचा व्यापार करतात. भाचीला गोळी मिळाली ती प्रयोगशाळेच्या अहवालावर, कोणाच्या शब्दावर नव्हे.

आपल्या पुढील आरोग्य पुरवणीत या विषयाला जागा द्यावी आणि त्यात निदान दोन प्रश्न ठळकपणे छापावेत, अशी विनंती आहे: मधुमेह सहा महिन्यांच्या आत सुरू झाला होता का, आणि घरात तो पिढ्यानपिढ्या पंचविशी-तिशीच्या आतच होत आला आहे का?

भाचीचा अहवाल आल्यावर मी वडिलांच्या भावंडांच्या घराण्यातील अकरा जणांना पत्रे लिहिली. दोघे सोलापूरला आहेत, चौघे बेळगावला, एक चुलतभाऊ न्यू जर्सीत, बाकीचे पुण्यात. प्रत्येक पत्रासोबत अहवालाची प्रत आणि उत्परिवर्तनाचे नाव दिले आहे, कारण ते एकदा ठाऊक असले की नातेवाइकांची तपासणी सोपी आणि स्वस्त होते. आतापर्यंत पाच जणांनी उत्तर दिले, तिघांची तपासणी झाली, आणि त्यांपैकी एक, जो एकोणीस वर्षे इन्शुलिन घेत होता, गेल्या महिन्यापासून गोळीवर आहे. उरलेल्या सहा जणांना या आठवड्यात दुसरे पत्र टाकले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सांगली